गावंडेबाईंचं झाड

परवा आमच्या केंद्राची स्मरणिका कुरिअरने घरी आली. कागद असा गुळगुळीत, की माशी बसली तर घसरून पडावी. त्यात ‘डिजिटल वाटचाल’ नावाचं एक पान आहे. एका फोटोत माजी संचालक फीत कापतायत, दुसऱ्यात बटण दाबतायत, तिसऱ्यात टाळ्या स्वीकारतायत, आणि चौथ्यात नुसता कॉम्प्युटर आहे, झेंडूचा हार घातलेला. बिचारा वारल्यासारखा दिसतो. गावंडेबाईंचा फोटो नाही. नाव नाही. कोपऱ्यात कुणा बाईचा अर्धा खांदासुद्धा नाही.

मी ती स्मरणिका अशी भिरकावली की ती आमच्या झिरकपूरच्या फ्लॅटच्या खिडकीतून बाहेर गेली, फ्लायओव्हरवरच्या एका ट्रकच्या टपावर पडली आणि थेट अंबाल्याला पोचली, असं मी सगळ्यांना सांगतो. बायको म्हणते, ती सोफ्याखाली आहे. असेल. माझा राग मात्र अंबाल्याच्याही पुढे गेला होता, आणि अजून परत आलेला नाही. म्हणून लिहायला बसलो.

आमचं केंद्र म्हणजे चंडीगडच्या इंडस्ट्रियल एरिया फेज दोनमधलं केंद्र सरकारचं एक कार्यालय. देशभरातले पाण्याचे पंप आणि मोटारी तिथे तपासायला येतात. मी साताऱ्याचा जाधव. बदलीवर आलो, स्टोअर्समध्ये नटबोल्ट सांभाळले, आणि निवृत्त होऊन इथेच रुजलो. वंदना गावंडे अकोल्याच्या. त्या संगणक कक्षात. यजमान नागपुरात बँकेत, मुलगी पुण्यात, आणि बाई इथे सरकारी क्वार्टरमध्ये एकट्या, एका मिरच्यांच्या पोत्यासोबत. उंची बेताची, कडक इस्त्रीची सुती साडी, पायांत स्पोर्ट्स शूज, गळ्यात दोरीला लटकलेला चष्मा. लांबून पाहिलं तर एखाद्या शांत शाळेच्या मुख्याध्यापिका वाटाव्यात. लांबूनच पाहावं.

बाईंचा राग ही चंडीगडमधली प्रेक्षणीय गोष्ट होती. खालच्या शेडमध्ये दहा-बारा मोटारी एकदम सुरू असायच्या, तेव्हा वरच्या मजल्यावरून बाई कुणावर तरी कडाडत, आणि खाली अजैबसिंग नावाचे आमचे जुने फिटर कानावर हात ठेवून म्हणत, “ओये, मैडम को बोलो ज़रा रुके, मोटर की आवाज़ सुनाई नहीं दे रही.” एकदा त्यांनी रागाच्या भरात फेकलेला माउस पंचकुल्यात एका माणसाच्या लस्सीच्या ग्लासात पडला, तो मी स्वतः सही करून ताब्यात घेतला आहे. ज्यांना पटत नाही त्यांनी स्टोअर्समध्ये जाऊन बघावं. पिवळा पडलाय, पण आहे.

ह्या रागाला तीन पायऱ्या होत्या. पहिली वऱ्हाडी. “काऊन बाप्पा, काय करून रायले तुमी?” ही सगळ्यात प्रेमळ. दुसरी हिंदी, ती सुरू झाली की शिपाई चहाचे कप उचलून न्यायचे, फुटू नयेत म्हणून. तिसरी इंग्रजी. आवाज एकदम खाली, वाक्यं पूर्ण, व्याकरण चोख, प्रत्येक वाक्याच्या सुरुवातीला ‘सर’. तिसरी पायरी आली की समोरच्याने घरच्यांना फोन करून घ्यावा.

राग कशाचा यायचा? कॉम्प्युटर बिघडला तर अजिबात नाही. यंत्रावर त्या कधी चिडल्या नाहीत. माणसाला “तुमचं नाव नाही” असं कुणी म्हणालं, की संपलं. त्याचं कारण एकदाच कळलं, भाकरी थापता थापता सांगितलेलं. वडील रेल्वेत. आज मूर्तिजापूर, उद्या भुसावळ, परवा आणखी कुठे. प्रत्येक नव्या शाळेत पहिले काही दिवस हजेरीत नाव नसायचं, आणि मास्तर ह्या पोरीला व्हरांड्यात उभं करायचे. नाव वर्गात पोचेपर्यंत पोरगी बाहेर. “मी समोर उभी हाय भाऊ, ढळढळीत. आन् मास्तर म्हनते, तू नाईच!” असं म्हणून त्यांनी भाकरीला असा दणका दिला की ती तव्यावर न जाता शेजारच्या सेक्टरात गेली.

आमच्या मराठी मंडळाचा गणपती. मंडळ म्हणजे काय, बदलीवाली माणसं. दर वर्षी निम्मे चेहरे नवे. एका वर्षी अध्यक्षांच्या डोक्यात आलं की महाप्रसादाला पुढच्या दोन ओळी ‘अधिकारी वर्ग’ अशी पाटी लावून राखून ठेवायच्या. बाई मोदकांचं पातेलं घेऊन आल्या, पाटी पाहिली, पातेलं खाली ठेवलं. मग एकेक खुर्ची उचलून गोल मांडायला सुरुवात केली. दहा मिनिटांत अख्ख्या हॉलमध्ये एक भलंमोठं गोल रिंगण. पुढं कुठलं, मागं कुठलं, ब्रह्मदेवाला सांगता आलं नसतं. अध्यक्ष म्हणाले, “अहो गावंडेताई, पाहुण्यांना बसवायचं कुठे?” बाई म्हणाल्या, “जेवाले आले ना ते? मंग तोंड हाय तिथं बसवा.” शेवटी प्रमुख पाहुणे, मोठे आयएएस अधिकारी, एका ड्रायव्हरच्या मांडीला मांडी लावून बसले आणि तीन वेळा आमटी मागून घेतली. पुढच्या वर्षी बाईंना निमंत्रण गेलं नाही. त्या तरीही आल्या.

आता त्या झाडाकडे येतो, ज्याच्यापायी हे सगळं झालं.

केंद्रात ईमेल वेगळी, रजेचा अर्ज वेगळा, दवाखान्याचं कॉम्प्युटर वेगळं. प्रत्येक ठिकाणी माणसाची नवी नोंद, नवा पासवर्ड. ते सगळं एका ठिकाणी आणायचं ठरलं. त्या प्रकाराला एलडॅप म्हणतात. मला वाटलं जर्मन कंपनीचा पंप आहे. बाईंनी स्टोअर्समधल्या माझ्या टेबलावर बसून समजावलं.

“भाऊ, पाकिटावर पत्ता कसा लिवता? आधी नाव, मंग गल्ली, मंग गाव, मंग जिल्हा. तसंच हाय हे. सगळ्या मानसाइचं एक झाड. बुंधा म्हनजे आपलं केंद्र, फांद्या म्हनजे गल्ल्या, आन् पानं म्हनजे मानसं. दवाखान्याचं कॉम्प्युटर त्या झाडाले इचारते, जाधव हाय का? झाड म्हनते, हाय.”

“मग त्यात अवघड काय?”

“अवघड येवढंच, का त्या कॉम्प्युटरले सांगा लागते, कुठून शोधाले सुरुवात कर. बुंध्यापासून का एका फांदीपासून. पोस्टमनले म्हटलं याच गल्लीत पाह्य, तर शेजारच्या गल्लीतला मानूस त्याच्यासाठी मेला.”

म्हणून बाईंनी झाड लावलं ते एकाच फांदीचं. फांदीचं नाव ‘माणसं’. संचालकांपासून झाडूवाल्यापर्यंत, नोकरीतला, निवृत्त, सगळे तिथेच. कोण कुठल्या विभागात, कुठल्या हुद्द्यावर, हे त्या माणसाच्या नोंदीत एक चिठ्ठी म्हणून चिकटवलेलं. बदली झाली, चिठ्ठी बदला. निवृत्त झाला, चिठ्ठी बदला. माणूस जागचा हलत नाही. बदलीवाल्याच्या पोरीलाच सुचावं असं हे झाड होतं. खुर्चीच्या नावाने माणसाचा पत्ता लिहिला, तर खुर्ची सुटल्यावर माणूस हरवतो, हे तिला व्हरांड्यात कळलेलं होतं.

हे झाड आमचे प्रशासकीय अधिकारी भल्ला यांनी पाहिलं आणि त्यांचा चहा नाकात गेला.

“मैडम जी, ये क्या है? डायरेक्टर साब और सफ़ाई वाला एक ही डाली पे?”

“तो?”

“तो प्रोटोकॉल कोई चीज़ है कि नहीं? वरिष्ठता कोई चीज़ है कि नहीं?”

“भल्ला जी, यह कॉम्प्युटर का झाड़ है. इसके ऊपर कोई बैठने वाला नहीं है.”

भल्लांना हे कळणं शक्यच नव्हतं. हा गृहस्थ कार्यालयाच्या सहलीतसुद्धा बसमध्ये हुद्द्याप्रमाणे बसवायचा. एकदा मनाली रस्त्यावर दरड कोसळली तेव्हा आधी वर्ग एकला उतरवा म्हणून ओरडत होता. त्यांनी बाईंचं झाड बाजूला सारलं आणि पंचकुल्याहून एक सल्लागार आणला. लांबलचक गाडी, टोकदार बूट, आणि कुठल्याही प्रश्नाला एकच उत्तर, “नो इश्यूज़ सर.” त्याने भल्लांना हवं तसं झाड उभारलं. एक फांदी अधिकाऱ्यांची, तिच्याखाली एक कर्मचाऱ्यांची आणि सगळ्यांत खाली, अंधारात, निवृत्तांची. बाईंना लेखी कळवलं गेलं, की आता ह्या कामात हात घालायचा नाही.

उद्घाटन असं झालं की लग्नाने लाजावं. हार, समोसे, ढोकळा, भांगडावाले सोडून सगळं. संचालक पुढे झाले, स्वतःचं नाव टाकलं, पासवर्ड टाकला, आणि पडद्यावर आलं, स्वागत. टाळ्या! दुसऱ्या कुणाच्या नावाने करून बघावं, असं त्या भरल्या हॉलमध्ये एकालाही सुचलं नाही. संचालकांचं चाललं म्हणजे देशाचं चाललं. हीच आपल्या कार्यालयांची चाचणी आणि हाच आपला शिक्का. मागच्या रांगेत बाई हाताची घडी घालून उभ्या होत्या, आणि समोसा त्यांच्याकडे बघून आपोआप गार होत होता.

दुसऱ्या दिवशी अधिकारी सोडून अख्ख्या केंद्राला कॉम्प्युटर ओळखेना. टायपिस्ट, फिटर, मी, सगळे ‘नॉट फाउंड’. सल्लागाराने आधी केबल बदलली, मग सर्व्हर बंद-चालू केला, मग सगळ्यांचे पासवर्ड नवे केले, मग म्हणाला सर्व्हर म्हातारा झालाय, नवा घ्या. माझ्याकडे खरेदीची फाईल आलीसुद्धा! बाई दारातून आत आल्या, चष्मा चढवला, पडद्यावरची एकच ओळ मोठ्याने वाचली, देवळात स्तोत्र म्हणावं तशी. “ओयू बरोबर ऑफिसर्स, स्वल्पविराम, डीसी बरोबर केंद्र, स्वल्पविराम, डीसी बरोबर इन.” ‘ओयू’ म्हणजे फांदी आणि ‘डीसी’ म्हणजे बुंधा, एवढं मला टेबलावरच्या शिकवणीमुळे कळलं. मग बाई सल्लागाराकडे वळल्या.

“बेटा, ये पता किसका है?”

“सर्च का बेस है, मॅम.”

“हाँ, पर किसका? अफ़सरों की गली का. तुम पोस्टमन को अफ़सरों की गली में खड़ा करके पूछ रहे हो, टायपिस्ट कहाँ गई? सर्वर बूढ़ा नहीं है, तुम ग़लत डाली पे चढ़े हो. आगे का टुकड़ा काटो. सीधा तने से ढूँढो.”

पण पुढचा तुकडा कापायचा म्हणजे अधिकारी आणि बाकीचे एकाच शोधात सापडणार, आणि भल्ला तर शेजारीच उभे. सल्लागाराने काही कापलं नाही. त्याने अधिकाऱ्यांच्या ओळीखाली कर्मचाऱ्यांची दुसरी ओळ घातली आणि म्हणाला, “नो इश्यूज़.” टायपिस्ट सापडली, मी सापडलो, भल्लांनी मिशीवरून हात फिरवला. निवृत्तांची तिसरी ओळ घालायचं कुणाच्या मनातही आलं नाही.

अजैबसिंग तेव्हा निवृत्त होऊन काही वर्षं झाली होती. ज्या माणसाने नुसता हात ठेवून मोटारीचा ताप सांगितला, त्याच्या स्वतःच्या दोन्ही किडन्या बसल्या होत्या. आठवड्यातून दोनदा डायलिसिस, मोठ्या हॉस्पिटलात. त्यासाठी आमच्या दवाखान्यातून दर महिन्याला एक रेफरलची चिठ्ठी लागायची. पूर्वी डॉक्टर हाताने लिहून द्यायचे. नव्या व्यवस्थेत ती फक्त कॉम्प्युटरमधून निघायची, आणि कॉम्प्युटर विचारायचं झाडाला.

त्या दिवशी मी दवाखान्यात खोकल्याचं औषध घ्यायला गेलो होतो. अजैबसिंग खिडकीशी. पाय सुजून बुटांच्या बाहेर आलेले. आदल्या खेपेचं डायलिसिस चिठ्ठीविना चुकलेलं होतं. मुलगा कॅनडात. फार्मासिस्ट आत बटणं दाबत होता.

“अंकल जी, आपका नाम नहीं आ रहा.”

“पुत्तर, मैं तो सामने खड़ा हूँ.”

“सामने तो हो, सिस्टम में नहीं हो.”

अजैबसिंगांनी मान हलवली, जणू चूक त्यांचीच. तो ढळढळीत सहा फुटी माणूस खिडकीसमोरून बाजूला झाला, मागच्याला वाट करून दिली आणि बाकावर जाऊन बसला. मला खोकला विसरायला झाला. मी वर जाऊन बाईंना सांगितलं.

त्या वऱ्हाडीत बोलल्या नाहीत. हिंदीतही नाही. तिसरी पायरी येणार, हे मी ओळखलं.

थोड्याच वेळात संचालकांच्या खोलीत नव्या सर्व्हरच्या खरेदीची बैठक सुरू झाली; सर्व्हरची गरज संपली होती, फाईल मात्र चालतच होती. संचालक, भल्ला, सल्लागार. मी फाईल घेऊन शेजारी. बाई न बोलावता आत आल्या आणि त्यांनी उभ्याउभ्याच अजैबसिंगांची अडचण मांडली. भल्ला म्हणाले, निवृत्तांचा प्रश्न तपासायला समिती नेमू. संचालक म्हणाले, उत्तम, समिती नेमा. सल्लागार म्हणाला, नो इश्यूज़. बाईंनी चष्मा काढला, आणि अगदी हळू आवाजात विचारलं,

“सर, व्हेन आर यू रिटायरिंग?”

संचालक हसले. “दिस मंथ-एंड, मॅडम. यू नो दॅट.”

“सर, देन ऑन द फर्स्ट, व्हेन यू गो डाउनस्टेअर्स फॉर युअर ब्लड प्रेशर टॅब्लेट्स, यू विल बी नॉट फाउंड.”

भिंतीवरच्या घड्याळानेसुद्धा एक सेकंद गाळला. संचालकांचा हात आपोआप शर्टाच्या खिशाकडे गेला, जिथे गोळ्यांची पट्टी असायची. मग ते भल्लांवर असे उसळले, “भल्ला, यह आपने पहले क्यों नहीं बताया?”

पाच मिनिटं! ज्या कामाला समिती लागणार होती, त्याचा आदेश पाच मिनिटांत टाइप होऊन सही होऊन तयार. दवाखान्याचा शोध बुंध्यापासून सुरू करण्यास मान्यता. एका माणसाच्या दोन किडन्यांना मिळून जे जमलं नाही, ते साहेबांच्या एका पांढऱ्या गोळीने करून दाखवलं. आणि त्या आदेशाच्या शेवटी भल्लांनी आपल्या हाताने काय लिहिलं होतं? ‘एक तारखेपासून लागू.’ म्हणजे ज्या दिवशी साहेब निवृत्तांच्या फांदीवर उतरणार, बरोब्बर त्या दिवसापासून!

“सर, अजैबसिंग का डायलिसिस कल है,” बाई म्हणाल्या.

“पहली से सब ठीक हो जाएगा, मैडम,” संचालक प्रेमाने म्हणाले.

पहिली तारीख जवळजवळ तीन आठवडे लांब होती.

बाई जिना उतरल्या. मी मागोमाग. शपथेवर सांगतो, जिन्याच्या पायऱ्या त्यांना वाट द्यायला आपणहून खाली सरकत होत्या. दवाखान्यात भर दुपारची गर्दी. बाईंनी फार्मासिस्टला उठवलं आणि खुर्चीवर बसण्याआधी सगळ्यांकडे वळून जाहीर केलं,

“सब लोग देख लो. मैं वंदना गावंडे, इस मशीन का रास्ता बदल रही हूँ. छुपके नहीं कर रही. कोई पूछे तो मेरा नाम बताना.”

फार्मासिस्ट कुजबुजला, “मैडम, आपको तो मना है.”

“हाँ, है. पानी पिलाओ.”

पडद्यावर त्या दोन ओळी होत्या, एक अधिकाऱ्यांची, एक कर्मचाऱ्यांची. बाईंनी दुसरी अख्खी उडवली. पहिलीच्या सुरुवातीला गेल्या आणि एकेक अक्षर खोडत आल्या, पहिल्या स्वल्पविरामापर्यंत. उरला तो नुसता बुंधा. शेजारच्या रकान्यात ‘फक्त ही पायरी’ होतं, तिथे ‘खालपर्यंत सगळं’ केलं. मला म्हणाल्या, “पाह्यलं भाऊ? हे लोक पत्ता लांबवत जातात. मानसं सापडाची असन, तर पत्ता आखूड करा लागते.”

मग नाव टाकलं. अजैबसिंग. पडद्यावर फोटो उमटला, नोकरीला लागले तेव्हाचा. काळीभोर दाढी, डोळ्यांत मस्ती. बाकावरचा पांढरा म्हातारा उठून खिडकीशी आला आणि त्या पोराकडे बघतच राहिला.

“हाय,” बाई म्हणाल्या. एवढंच.

चिठ्ठी छापून निघत होती तेवढ्यात भल्ला धावत आले. धापा टाकत म्हणाले, “मैडम, आपने डायरेक्टर साब के ऑर्डर के ख़िलाफ़ काम किया है!”

“ऑर्डर का ही काम किया है. बस जल्दी किया है.”

“तारीख़ से पहले किया है!”

“तो आप किडनी को तारीख़ समझा दो. ये खड़े हैं. समझाओ.”

अजैबसिंगांनी हात जोडले. “भल्ला साब, मेरी वजह से मैडम को कुछ मत…”

“आप चुप बैठो जी!” बाई त्यांच्यावरच कडाडल्या. “और ये चिट्ठी पकड़ो. और कल टाइम पे जाओ.”

संध्याकाळी मेमो आला. दोन दिवसांत बदलीचा हुकूम आला, ईशान्येच्या अशा टोकाला की जिथे पत्र पोचेपर्यंत लिहिणाऱ्याची नात शाळेत जायला लागते. आणि त्याच आठवड्यात सूचनाफलकावर परिपत्रक लागलं. निवृत्तांना दवाखान्यात विनाखंड सेवा देण्याच्या संचालकांच्या दूरदृष्टीबद्दल आणि सल्लागाराच्या परिश्रमांबद्दल अभिनंदन! मी ते वाचत उभा होतो, आणि माझ्या कानशिलावर पापड भाजता आला असता.

भल्लांनी सल्लागाराला फर्मावलं होतं, की एक तारखेपर्यंत जुना रस्ता परत घाल. त्याने घातला, घाईत एक स्वल्पविराम खाल्ला, आणि दवाखान्यात अख्खं केंद्र नाहीसं झालं, संचालक आणि भल्ला धरून. साहेबांची गोळी अडली. भल्ला किंचाळले, “जैसा मैडम ने किया था, वैसा ही कर दो!” मग सल्लागाराने बाईंनाच फोन लावून विचारलं, की काय केलं होतं. बाईंनी सांगितलं. फोनची काहीच गरज नव्हती, पंचकुल्याला तसंही ऐकू गेलं असतं.

आम्ही सगळे म्हणालो, जिंकलात तुम्ही. बाई आणखीच भडकल्या. “काय जिंकले? त्या म्हाताऱ्यासाठी केलं का यांनी? सोतासाठी केलं! उद्या दुसरी कोनती फांदी सुटन, आन् त्या फांदीवर कोनी साहेब नसन, मंग काय करसान?”

निरोपाचा कार्यक्रम चार वाजता ठेवला होता. हॉल भरला. शाल, पुष्पगुच्छ, पनीर पकोडे. भल्लांनी स्वतः भाषण लिहून आणलं होतं, बाईंच्या ‘कर्तव्यनिष्ठेवर’. संचालक येऊन बसले. बाईंचा पत्ता नाही. मला पिटाळलं, आणि कुणीतरी जाता जाता पुष्पगुच्छही हातात कोंबला.

बाई पार्किंगमध्ये होत्या. अ‍ॅक्टिवा स्टँडवरून काढलेली, हेल्मेट चढवलेलं, आणि मागच्या सीटवर अजैबसिंग बसवायचं काम सुरू. त्यांना दर वेळी गाडीतून नेणारा शेजारी त्या दिवशी फिरकलाच नव्हता, म्हणून ते बस धरायला निघाले होते, आणि आमच्या फाटकासमोर बाईंना सापडले.

“मॅडम, सगळे थांबलेत,” मी म्हणालो. “संचालक बसलेत वर.”

“बसू द्या. पह्यल्या तारखेपासून बसाचंच हाय त्याइले.” आणि मागे वळून, “सरदार जी, पैर ऊपर लो! ज़मीन पे घसीटोगे क्या चंडीगढ़ तक?”

“हम चंडीगढ़ में ही हैं, मैडम जी,” अजैबसिंग म्हणाले.

“मुझे मत सिखाओ!”

ती इवलीशी गाडी त्या दोघांच्या भाराने कण्हली आणि फाटकातून बाहेर पडली. मी पुष्पगुच्छ धरून पाहत होतो. चौकाच्या गोलात शिरतात न शिरतात, तोच एक काळीकुट्ट, घराएवढी गाडी उजवीकडून हॉर्न वाजवत अंगावर आली. बाईंनी अ‍ॅक्टिवा थांबवली. रस्त्याच्या मधोमध. एक पाय टेकला, हेल्मेटची काच वर केली, आणि सुरू झाल्या. आधी वऱ्हाडी, मग हिंदी, मग बोट वर करून इंग्रजी. मागे अजैबसिंग, एका हातात पगडी सावरून, दुसऱ्या हाताने ती चिठ्ठी छातीशी धरून, डोळे मिटून हसत होते.

ती काळी गाडी मागे सरकली. मी कितीही थापा मारत असलो तरी ही थाप नाही, सरकली. बाईंनी काच खाली केली, गोलाला वळसा घातला आणि हॉस्पिटलच्या रस्त्याला लागल्या. झाडांआड गाडी दिसेनाशी झाली. आवाज मात्र बराच वेळ येत होता.